जावेसाठी ‘सुखी होवो’ म्हणवत नाही तेव्हा

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात दहाव्या दिवशी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, शिकवतात. स्वारगेटजवळच्या किंवा मरकळच्या केंद्रातून माणूस हलका होऊन घरी येतो आणि आठवडाभरात माझ्यासमोर बसून विचारतो, “मनात प्रेम येतच नाही, मग हे ढोंग नाही का?” हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की एकदा सविस्तर लिहावंच म्हटलं.

कोथरूडच्या एक बाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासऱ्यांच्या फ्लॅटच्या वाटणीवरून जावेशी बोलणं बंद.

“तोंडानं ‘ती सुखी होवो’ म्हणते आणि आतून दात-ओठ खाते,” त्या म्हणाल्या.

“सुरुवात कुणापासून करता?”

“तिच्यापासूनच. तिच्यासाठीच तर बसते ना!”

इथेच बहुतेकांचं अडतं. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी ‘विशुद्धिमग्ग’ हा ध्यानसाधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला. १९१२पासून काही वर्षं फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणाऱ्या धर्मानंद कोसंबींनी हाच ग्रंथ पुढे संपादित केला. त्यात क्रम स्पष्ट आहे: आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग जिच्याबद्दल प्रेमही नाही नि रागही नाही अशी व्यक्ती, आणि वैरी सगळ्यात शेवटी. बाईंनी थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली होती.

स्वतःसाठी सुख मागणं त्यांना स्वार्थ वाटला. त्यावर बरीच सत्रं गेली. मी मात्र चौथ्या पायरीची वाट बघत होते. लोकांना ती कंटाळवाणी वाटते, माझा सगळा भर तिच्यावरच असतो. त्यांनी सोसायटीखालचा इस्त्रीवाला निवडला.

काही आठवड्यांनी म्हणाल्या, “ध्यानात काहीच वाटत नाही हो. कोरडंच.” मग सहज बोलल्यासारखं, “काल त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. इस्त्रीचा चटका. घरातलं मलम नेऊन दिलं. इतकी वर्षं कपडे देतेय, त्याचा हात कधी बघितला नव्हता.”

“आणि म्हणे काहीच होत नाही!”

त्या गप्प झाल्या. मग हसल्या. मीही हसले, असे दिवस या व्यवसायात रोज येत नाहीत. मैत्री म्हणजे छातीत दाटून येणारा उमाळा, असं धरून त्या स्वतःला रोज नापास करत होत्या. मुळात ती समोरच्याचं भलं इच्छिण्याची सवय आहे. उमाळा आला तर आला.

“पण जावेला माफ करायचं म्हणजे फ्लॅटमधला हिस्सा सोडायचा?”

“मुळीच नाही. वकिलांकडचं काम चालू ठेवा. तिचं भलं चिंता, पण हक्कसोडपत्रावर सही करू नका.”

हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण आपल्याकडे बायकांना ‘मोठं मन कर’ असं सांगून फार काही सोडायला लावलेलं आहे. घरात मारहाण होत असेल तर मारणाऱ्यासाठी मैत्रीभावना करत बसू नका. आधी तिथून बाहेर पडा.

करून बघायचं असेल तर रोज दहा मिनिटं पुरे. पहिली पाच स्वतःसाठी, उरलेली अशा कुणासाठी, ज्याचं नावही तुम्हाला ठाऊक नाही. वैऱ्याची घाई नको. मध्येच राग उसळला तर निमूट जिवलगाकडे परत या. बुद्धघोषही तेच सांगतात.

बाई जावेपर्यंत अजून पोचलेल्या नाहीत. मध्यंतरी एका बारशात दोघी भेटल्या, तेव्हा यांनी तिच्या गुडघ्याची चौकशी केली. वाटणीचा दावा चालूच आहे.