उकाड्यात फाउंडेशन फुटतं, चेहरा राखाडी दिसतो: काय घ्यावं, कसं लावावं?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात फोंड्याला बहिणीचं लग्न आहे, हॉलला एसी नाही. त्वचा तेलकट म्हणून तुम्ही मॅट, म्हणजे चमक नसलेलं फाउंडेशन लावता, वर भरपूर पावडर थापता, तरी दोन तासांत चेहरा राखाडी पडतो आणि नाकाजवळ सगळं फुटतं. मग नेमकं घ्यायचं काय?

आधी एक सांगा, त्वचा तेलकट आहे हे कशावरून ठरवलंत? मी डिचोलीला नवरीचा मेकअप करते. एप्रिल-मेमध्ये माझ्या खुर्चीत बसणाऱ्या बऱ्याच जणी "माझी स्किन ऑइली" असं म्हणतच बसतात, आणि त्यातल्या कितीतरी जणींना नुसता घाम आलेला असतो. गोव्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, तोंडावर तसाच चमकत राहतो, म्हणून तो तेलासारखा वाटतो. घरी करून बघा. साध्या फेसवॉशने तोंड धुवा, काही लावू नका, पंख्याखाली तासभर बसा. मग टिश्यू कपाळावर, नाकावर आणि गालांवर वेगवेगळा दाबा आणि तो कागद थोडा वेळ बाजूला ठेवा. भज्यांच्या पुडीचा कागद आठवतो ना? तेलाचा डाग पारदर्शक होऊन तसाच राहतो, पाण्याचा सुकून जातो. कपाळ-नाकावर डाग राहिला आणि गालांचा कागद कोरा निघाला तर तुमची त्वचा मिश्र आहे. माझ्या अंदाजाने तुमचं तेच असणार.

हे एवढं लांबवलं, कारण पावडर तेल शोषते, घाम थांबवत नाही. घामावर पावडर बसली की तिचा लगदा होतो, आणि तुम्ही म्हणता ते फुटणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. वरून आणखी पावडर मारली की थर जाड होतो आणि हसताना नाकापासून ओठांपर्यंतच्या रेषेत तडकतो.

मी स्वतः ही चूक केली आहे. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी म्हार्दोळला एका नवरीच्या डोळ्यांखाली पावडरचा जाड थर ठेवून दहा मिनिटं 'बेकिंग' केलं. मे महिना, समोर होम पेटलेला, आणि कन्यादानाला ती रडली. डोळ्यांखालच्या पावडरला बारीक बारीक भेगा पडल्या. शिवाय पावडर सिलिकावाली होती, त्यामुळे फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली दोन पांढरे चट्टे आले. आरशात ते दिसतच नव्हते. तिच्या आईने मला अल्बम दाखवला, एक शब्द बोलली नाही. त्यानंतर फ्लॅशचा फोटो काढून बघितल्याशिवाय मी कुठल्याही नवरीला खुर्चीतून उठू दिलेलं नाही.

आता राखाडीपणा. तो पावडरमुळेही येतो, पण मूळ कारण बहुतेकदा शेड असते. दुकानात आपल्याला एक-दोन शेड उजळ देतात आणि आपणही आनंदाने घेतो. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर उजळ गुलाबी छटा बसली की राख फासल्यासारखी दिसते. याबाबतीत मी हट्टी आहे: फाउंडेशन तुमच्याच रंगाचं हवं, गोरं करायला नको. हातावर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला, मानेपर्यंत तीन शेडच्या रेघा ओढा, दुकानाबाहेर उजेडात या आणि १५-२० मिनिटं थांबा. काही फाउंडेशनं त्वचेवर सुकताना आणि तेलात मिसळताना गडद होतात, ते तेवढ्या वेळात कळतं. जी रेघ मानेत मिसळून दिसेनाशी होते ती तुमची. आपल्याकडच्या बऱ्याच जणींना पिवळसर, सोनेरी नाहीतर ऑलिव्ह, म्हणजे किंचित हिरवट छटा जुळते.

प्रकार निवडणं त्यामानाने सोपं. खरोखर तेलकट त्वचेला पातळ, ऑइल-फ्री, मॅट चालतं. कोरड्या त्वचेला ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिड असलेलं, थोडं ओलसर दिसणारं घ्या. मॅट घेतलंत तर गालांवर कोंड्यासारखे पापुद्रे दिसतील. मिश्र असेल तर सगळीकडे एकच सॅटिन फिनिशचं, म्हणजे ना अगदी मॅट ना ओलसर दिसणारं फाउंडेशन लावा, फरक पावडरने करा. मुरुमं येत असतील तर नॉन-कॉमेडोजेनिक (त्वचेची छिद्रं न बुजवणारं), बिनवासाचं बघा, पण त्या लेबलावर विसंबू नका. कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा.

लावताना मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. फाउंडेशनमध्ये एसपीएफ लिहिलेला असला तरी सनस्क्रीन वेगळं हवंच, कारण तेवढ्या संरक्षणाइतकं जाड फाउंडेशन कोणी लावत नाही. मग १०-१५ मिनिटं खरंच थांबा. ओल्या सनस्क्रीनवर फाउंडेशन फिरवलं की त्याच्या वळकट्या निघतात. फाउंडेशनच्या आधी लावायचा प्रायमर सिलिकॉनचा असेल तर फाउंडेशनही सिलिकॉनचंच बरं, नाहीतर दोन्ही एकमेकांवरून सरकतात. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच डायमेथिकोन दिसलं की ते सिलिकॉनचं समजा.

फाउंडेशन हरभऱ्याएवढंच घ्या. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घेऊन मधून बाहेर थोपटत जा. डाग झाकायचा असेल तर त्याच जागी कन्सीलरचा ठिपका द्या, सगळ्या चेहऱ्याला दुसरा थर नको.

पावडर घेताना पांढरीशुभ्र 'ट्रान्सलुसंट' टाळा, गव्हाळ त्वचेवर तीही राखाडी दिसते. हलकी पिवळसर किंवा पीच छटेची, बारीक दळलेली घ्या. पफवर थोडीशी घ्या, पफ दुमडून ती आत जिरवा आणि कपाळ, नाकाच्या बाजू, हनुवटी इथे दाबून बसवा. घासू नका. गाल कोरडे असतील तर तिथे पफ नेऊच नका.

पफ मात्र धुतलेला आणि पूर्ण वाळलेला हवा. आपल्याकडे जून लागला की धुतलेला पफ दोन दिवस ओला राहतो आणि त्याला बुरशी धरते, म्हणून मी दोन-तीन पफ आलटून-पालटून वापरते. मुरुमांसाठी फाउंडेशनला दोष देणाऱ्यांनी आधी आपला पफ उजेडात धरून बघावा.

लग्नाच्या दिवशी चमक आली की लगेच पावडर लावू नका. आधी टिश्यू दाबून घाम आणि तेल टिपा, मिनिटभर पंख्याखाली उभ्या राहा, मगच लागली तर नाकावर थोडी पावडर. आणि लग्नाच्या दोन आठवडे आधी एक दिवस सकाळी अकराला पूर्ण मेकअप करून बाजारात जाऊन या. दुपारी तीनला मान आणि चेहरा एकत्र दिसेल असा फोटो फ्लॅश लावून काढा आणि त्यात काय दिसलं ते इथे लिहा, मग शेड आणि पावडर कुठे बदलायची ते सांगते.