मान फिरवली म्हणजे नकोशी झालीस असं नाही

प्रश्न: डॉक्टरताई, माझी मुलगी ३१व्या आठवड्यातच झाली, वजन १ किलो ३०० ग्रॅम. आता ३६ आठवडे पूर्ण झालेत पण अजून एनआयसीयूमधेच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. मी जवळ जाऊन बोलायला लागले की मान फिरवते, जांभया देते, उचक्या लागतात. सिस्टरनी हात लावला की मात्र गप्प. खरं सांगू, ही माझीच आहे असं वाटतच नाही. परवा तिची डेव्हलपमेंटल असेसमेंट (वाढ-विकासाची तपासणी) आहे, त्यात फेल झाली तर?
– एक आई, सातारा

उत्तर: अगं, आधी ते फेल डोक्यातून काढ. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्राझेल्टन यांनी १९७३ मधे नवजात बाळाचं वागणं बघायची पद्धत मांडली, आणि पुढे त्यांचे सहकारी केव्हिन न्यूजंट वगैरेंनी त्यातूनच आईबाबांना सोबत घेऊन करायची १८ गोष्टींची छोटी पद्धत काढली, तिच्यात पास-नापास नाहीच. तुमच्याकडे कुठली करणार ते विचार, पण कुठलीही असो, "मी शेजारी उभी राहू का?" हे नक्की विचार, कारण माझ्या मते खरा फायदा तिथेच आहे.

या तपासणीत झोपलेल्या बाळाजवळ खुळखुळा वाजवतात. पहिल्यांदा अख्खं अंग दचकतं, मग कमी, मग नुसती पापणी हलते, आणि नंतर ते झोपूनच राहतं. एवढासा जीव पण आवाज बाजूला सारून स्वतःची झोप सांभाळतो! हे बघताना रडलेल्या आया मी पाहिल्यात.

आता मान फिरवण्याचं. जांभई, उचकी, बोटं फाकणं, नजर वळवणं ही कमी दिवसांच्या बाळाची भाषा आहे, म्हणजे "आई, जरा थांब, एवढं एकदम झेपत नाही". आणि गप्प पडलं म्हणजे खूश असंच नाही, कधीकधी ते थकूनही गप्प होतं. म्हणून एका वेळी एकच कर. एक तळवा डोक्यावर, एक पायांशी, नुसता ठेव, चोळू नकोस, बोलू पण नकोस. ती सैलावली की मग हळू आवाजात बोल, तिने नजर वळवली की थांब, परत आली की परत बोल. (रंग निळसर झाला किंवा श्वास अडखळला तर मात्र लगेच सिस्टरला हाक मार.)

कांगारू केअरचंही विचार, कोलंबियातल्या बोगोटात १९७८ ला सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडेही आहे, तब्येत स्थिर असेल तर छातीशी घ्यायला देतात.

तुला रोजच रडू येत असेल, झोप लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. आणि परवा नवऱ्यालाही ने, कुणाच्या आवाजाला ती डोळे उघडते ते दोघांनी मिळून बघा.