चिनी अक्षरामागची गोष्ट कळली की अर्थ आपोआप कळतो का?

चिनी अक्षरे मुळात चित्रेच असल्याने प्रत्येकामागची गोष्ट समजली की अर्थ आपोआप कळतो का, आणि त्या मार्गाने ५०० अक्षरे किती दिवसांत पाठ होतील, असे आपण विचारले आहे. अर्थ आपोआप कळत नाही. हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, याच गोष्टींपायी पुण्यातील एका वर्गात माझा चारचौघांत पाणउतारा झाला होता.

आमच्या शिक्षकांनी आईसाठीचे ‘मा’ हे अक्षर फळ्यावर काढले. डावीकडे स्त्री, उजवीकडे घोडा. “आई घोड्यासारखी राबते, म्हणून,” असे त्यांनी सांगितले आणि वर्गाने माना डोलावल्या. घरी कोश चाळताना मला तोच घोडा मुंगीच्या शब्दातील पहिल्या अक्षरात किड्याशेजारी, ‘शिव्या देणे’ या अक्षरात दोन तोंडांखाली आणि वाक्याअखेरीच्या ‘का?’मध्ये एका तोंडाशेजारी उभा असलेला आढळला. दुसऱ्या दिवशी मी विचारले, “मुंगीही घोड्यासारखीच राबते का?” वर्ग हसला, मला मात्र भाषेची जाण नाही असे ऐकवून खाली बसवण्यात आले.

घोडा तेथे राबत नाही, तो केवळ उच्चार सांगतो. चिनीत घोड्यालाही ‘मा’च म्हणतात, फक्त सूर वेगळा. ८० टक्क्यांहून अधिक अक्षरे अशीच, एक भाग विषयाचा आणि एक उच्चाराचा, या रीतीने घडलेली आहेत.

जी खरोखर चित्रे होती, त्यांतील कित्येक दुसऱ्याच शब्दांनी बळकावली. आपण हाताचे चित्र काढून त्याने पालिकेचा ‘कर’ लिहावा, तसा हा प्रकार आहे. गव्हाच्या रोपाचे चित्र सारख्या उच्चारामुळे ‘येणे’ या क्रियापदाकडे गेले, दातेरी शस्त्राचे ‘मी’कडे. सुपाचे चित्र तर प्राचीन लिपीत पाहताक्षणी ओळखू येते: वरून उघडे, आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची वीण. ते ‘त्याचा, तिचा’ या सर्वनामाने उचलले, तेव्हा खऱ्या सुपासाठी त्याच्या डोक्यावर बांबूची खूण चढवून नवे अक्षर करावे लागले. शिवाय अर्थही सरकतात. आज ‘चालणे’ दाखवणारे अक्षर पूर्वी ‘धावणे’ दाखवीत असे.

‘पूर्व’ म्हणजे झाडाआडून उगवणारा सूर्य, ही शिक्षकांची दुसरी लाडकी गोष्ट होती. परंतु तिचा दोष त्यांना देता येणार नाही. इसवी सन १०० च्या सुमारास ९,३५३ अक्षरांचा कोश रचणाऱ्या श्वी शन यानेच ती नोंदवलेली आहे. त्याच्याही हजाराहून अधिक वर्षे आधीच्या शांग राजवटीच्या काळातील हाडांवरचे कोरीव लेख त्याच्यासमोर नव्हते. विद्वानांना त्यांची ओळख पटली ती १८९९ मध्ये. त्या लेखांत हे अक्षर दोन्ही टोकांना बांधलेल्या गाठोड्यासारखे दिसते.

सूर्य, डोंगर, झाड, किंवा झाडाला टेकलेला माणूस म्हणजे ‘विश्रांती’, येथे चित्राची गोष्ट खरी ठरते, हे मान्य केले पाहिजे. पाठांतरापुरती खोटी गोष्टही चालते, ती खोटी आहे हे ठाऊक असेल तर. मात्र वर्ग निवडताना पहिल्याच दिवशी मुंगीविषयी विचारून पाहावे, आणि खाली बसायला सांगितले गेले, तर शुल्क भरण्यापूर्वीच उठून यावे.