‘व्यवहार आहे’ आणि ‘व्यवहार झाला’

प्रभादेवीला छापखाना चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: कागदाच्या व्यापाऱ्याला दिवाळीचं पत्र लिहिताना ‘गेली २५ वर्षे आपले व्यावसायिक संबंध आहेत’ याऐवजी ‘आपला व्यवहार आहे’ असं लिहिलं तर चालेल का? त्यांच्या भावाचं म्हणणं, व्यवहार म्हटलं की नुसता पैसा डोळ्यांपुढे येतो.

ताई, खुशाल लिहा. मला तर तेच जास्त मराठी वाटतं.

भाऊ अगदीच चुकलेले नाहीत. ‘जागेचा व्यवहार’, ‘बँकेतले व्यवहार’ यांत पैसाच आहे. पण इथे अर्थ ठरवतं ते क्रियापद. व्यवहार ‘होतो’, ‘ठरतो’, ‘फिसकटतो’ तेव्हा तो एक सौदा. व्यवहार ‘असतो’, ‘ठेवला’ जातो, ‘तुटतो’ तेव्हा ते नातं.

माझे वडील मूळजी जेठा मार्केटात कापडाच्या एका पेढीवर दिवाणजी होते. बाहेरगावचा कुणी व्यापारी उधारीवर माल मागायला आला की शेठ गादीवरूनच वडिलांना विचारायचे, “काय, व्यवहार आहे?” वडील खातेवही न उघडता “आहे” म्हणाले, की तागे मोजायला सुरुवात. “मागे एक व्यवहार झाला होता” म्हणाले, की आधी रोख! सुट्टीत डबा घेऊन जायचो तेव्हा हे मी कितीदा ऐकलंय. शेठ गुजराती. त्यांच्या भाषेतल्या ‘वहेवार’मध्ये तर लग्नकार्यातली देवघेवही येते, त्यामुळे दोघांना एकमेकांचं नेमकं कळायचं.

शब्द मुळात पैशापुरता नाहीच. ‘पत्रव्यवहार’, ‘रोटीबेटी व्यवहार’ यांत कुठे आला पैसा? जुन्या धर्मशास्त्रात तर व्यवहार म्हणजे कोर्टकज्जा. नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ ग्रंथातला व्यवहार तोच. वारसाहक्काच्या दाव्यांत ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रावरच्या जुन्या टीकाग्रंथाशी मतभेद आला, तर मुंबई बेटावर, गुजरातेत आणि उत्तर कोकणात याच ग्रंथाचा शब्द मानत. आणि पैशाबद्दलच बोलायचं तर तुकोबांचं ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें’ आठवा. तिथे धन वेगळं आणि वेव्हार वेगळा. वेव्हार म्हणजे लोकांशी वागण्याची रीत, आणि ती उत्तम असावी लागते. भावाला ही ओळ जरूर ऐकवा.

एक मात्र सांभाळा: एकवचन सोडू नका. ‘आपले व्यवहार आहेत’ म्हटलं की अनेक सौदे डोळ्यांपुढे येतात, आणि वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला तर संशयच येईल. ‘हितसंबंध’ आणि ‘लागेबांधे’ हे शब्दही पत्रात नकोत. पहिल्यात स्वार्थ आलाच. दुसरा मूळचा चांगला, जिव्हाळ्याचा शब्द, पण भ्रष्टाचाराच्या बातम्यांत वापरून वापरून तो पार बदनाम झालाय. मला त्याचं फार वाईट वाटतं.

‘व्यावसायिक संबंध’ही चूक नाही. करारनाम्यात तेच ठेवा, फक्त ‘व्यवसायिक’ असं छापू नका. पण २५ वर्षं तुम्हाला कागद पुरवणाऱ्या माणसाला मी असं लिहीन: ‘गेली २५ वर्षे आपला आमचा व्यवहार आहे, तो असाच चालू राहो.’