माल्कम हे स्कॉटिश नाव मूळचे कोठले, आणि महाबळेश्वरच्या माल्कम पेठेशी त्याचा काय संबंध?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: माल्कम या नावाचा अर्थ काय, आजकाल स्कॉटिश तरुणांमध्ये सर्रास आढळणारे कॅलम हे नाव त्याच्याच कुळातले आहे का, आणि महाबळेश्वरच्या बाजारपेठेला हे नाव कसे पडले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती एकत्रच देतो.

माल्कम हे गेलिक, म्हणजे स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील जुन्या भाषेतील, 'माएल कोलुम' या जोडनावाचे इंग्रजी वळणाचे रूप आहे. त्यातील उत्तरपद म्हणजे संत कोलंबा आणि पूर्वपदाचा मूळ अर्थ मुंडण केलेला. मुंडण ही संन्यस्त सेवकाची खूण असल्यामुळे पूर्ण नावाचा अर्थ 'संत कोलंबाचा दास' असा होतो. आपल्याकडच्या रामदास या नावाची घडण जशी आहे तशीच ही घडण. जुन्या गेलिक समाजात संताचे नाव मुलाला थेट देण्यापेक्षा त्याचा दास म्हणवून घेण्याची रूढी होती, आणि त्यामुळे आयर्लंडच्या इतिहासातही माएल सेखनाल, म्हणजे संत सेखनालचा दास, अशा नावाचे राजे भेटतात. गिलख्रिस्ट हे आडनावही याच जातीचे असून त्याचा अर्थ ख्रिस्ताचा सेवक असा आहे. या मुंडणावरून चर्चमध्ये मोठा वादही झाला होता, हे सहज जाता जाता सांगतो. रोमन पद्धतीत टाळूवर गोल मुंडण करीत, तर कोलंबाच्या परंपरेतील भिक्षू डोक्याचा पुढचा भाग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत भादरून घेत. आयोना बेटावरील मठाने रोमन पद्धत स्वीकारली ती थेट ७१८ साली.

कोलंबा स्वतः स्कॉटलंडचा नव्हता. त्याचा जन्म ५२१ च्या सुमारास आयर्लंडमधील डोनेगॉल भागात एका राजवंशाशी नाते असलेल्या घराण्यात झाला, ५६३ साली तो काही सोबत्यांसह समुद्र ओलांडून पश्चिम स्कॉटलंडला आला आणि मल बेटाला लागून असलेल्या आयोना या जेमतेम पाच किलोमीटर लांबीच्या बेटावर त्याने मठ स्थापन केला. ५९७ साली तेथेच त्याचे निधन झाले. पुढे व्हायकिंगांनी आयोनाची वारंवार लूट केली. ८०६ च्या एका हल्ल्यातच ६८ जण मारले गेले. अखेर ८४९ च्या सुमारास कोलंबाच्या अवशेषांची वाटणी झाली आणि त्यातील एक भाग राजा केनेथ मॅकअल्पिनने पूर्वेकडे डंकेल्ड येथे नेला, तर दुसरा आयर्लंडमध्ये केल्सला गेला. माझ्या मते माल्कम या नावाच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे, कारण तिच्यामुळे कोलंबा हा एका बेटाचा संत न राहता राजघराण्याचा आश्रयदाता संत झाला, आणि शंभर वर्षांच्या आत त्याच घराण्यात या नावाचा राजा गादीवर आला.

या नावाचे चार राजे झाले. पहिल्याचा काळ ९४३ ते ९५४ आणि दुसऱ्याचा १००५ ते १०३४. तिसरा माल्कम, ज्याने १०५८ ते १०९३ राज्य केले, तो मात्र थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधील राजपुत्र माल्कम तो हाच, परंतु खऱ्या इतिहासात मॅकबेथने तब्बल सतरा वर्षे राज्य केले आणि १०५७ साली लंफानन येथे तो मारला गेल्यानंतरही माल्कमला त्याच्या सावत्र मुलाला दूर करावे लागले, तेव्हा कोठे गादी हाती आली. या माल्कमला पहिल्या पत्नीपासून झालेल्या मुलाचे नाव डंकन, म्हणजे आजोबांचेच गेलिक नाव, असे होते. पुढे त्याने इंग्लंडच्या जुन्या राजवंशातील मार्गारेटशी विवाह केला. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर आश्रयाला आलेली ही राजकन्या अत्यंत धर्मनिष्ठ होती आणि तेराव्या शतकात तिला संतपदही मिळाले. तिच्या सहा मुलांची नावे पाहा: एडवर्ड, एडमंड, एथेलरेड, एडगर, अलेक्झांडर आणि डेव्हिड. त्यांतील पहिली चार नावे अनुक्रमे मार्गारेटच्या वडिलांची, आजोबांची, पणजोबांची आणि खापरपणजोबांची आहेत! गेलिक राजाच्या घरात मार्गारेटच्या एकाही मुलाला गेलिक नाव मिळाले नाही. दरबाराची भाषा आणि रीतिरिवाज कोणत्या दिशेने वळत होते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची मला गरज वाटत नाही.

चौथा माल्कम हा तिसऱ्याचा पणतू. तो बारा वर्षांचा असताना ११५३ साली राजा झाला आणि ११६५ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अविवाहितच वारला. त्याच्यानंतर हे नाव धारण करणारा राजा स्कॉटलंडला झाला नाही; विल्यम, अलेक्झांडर, रॉबर्ट, जेम्स अशी नावे आली आणि टिकली.

राजवाड्यातून गेलेले नाव डोंगराळ हायलंड्समध्ये आणि पश्चिमेकडील बेटांवर मात्र टिकून राहिले. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर संतांची उपासना अधिकृतपणे संपली, तरी संताचा दास म्हणवणारे हे नाव कट्टर प्रॉटेस्टंट कुटुंबांतही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले, कारण तोपर्यंत ते धर्माचे न राहता घराण्याचे झाले होते. स्कॉटलंडमध्ये थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची जुनी चाल आहे, आणि अशा चालीमुळे नावे सहसा मरत नाहीत. मुलगी झाली तरी नाव सोडायचे नाही, म्हणून बेटांवर कॅलुमिना आणि माल्कमिना अशी स्त्रीरूपेही तयार झाली.

येथेच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. गेलिक बोलीत रोजच्या वापरात या नावाचे रूप कॅलम असे होते, आणि इंग्रजीत लिहिणारे पाद्री, शाळामास्तर आणि नोंदणी कारकून तेच माल्कम असे लिहीत. म्हणजे एकाच माणसाला घरी एक आणि कागदावर दुसरे नाव असे. स्काय बेटाजवळच्या रासे बेटावरील कॅलम मॅकलाउड यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांच्या वस्तीपर्यंत रस्ता करून देण्याची मागणी प्रशासन मान्य करीना, तेव्हा या शेतकऱ्याने रस्तेबांधणीचे एक जुने पुस्तक विकत घेतले आणि कुदळ, फावडे व एकचाकी हातगाडी घेऊन सुमारे दहा वर्षांत पावणेदोन मैलांचा रस्ता एकट्याने तयार केला. कागदोपत्री त्यांचे नाव माल्कम, पण तो रस्ता ओळखला जातो तो 'कॅलमचा रस्ता' म्हणूनच. आडनावांतही हीच अदलाबदल दिसते: आर्गाइलमधील पोल्टॅलॉकचे मॅकॅलम, म्हणजे कॅलमचे वंशज, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःला माल्कम म्हणवू लागले.

याच पोल्टॅलॉक घराण्याचे जमैकामध्ये उसाचे मळे होते. स्कॉटिश मळेवाले, व्यवस्थापक आणि कारकून कॅरिबियन बेटांवर मोठ्या संख्येने गेले आणि तेथे स्कॉटिश नावे व आडनावे रुजली, त्यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे, ही गोष्ट नावांच्या गोड गोड पुस्तकांत सहसा सांगितली जात नाही. आपल्या पिढीला हे नाव ठाऊक झाले ते बार्बाडोसच्या माल्कम मार्शलमुळे, ज्याने १९८३ साली कानपूर कसोटीत सुनील गावसकरांच्या हातून बॅट उडवली होती. आणि इंग्लंडचा वेगवान गोलंदाज डेव्हन माल्कम, ज्याचे ते आडनाव होते, त्याचा जन्म जमैकाचा. अमेरिकेत माल्कम एक्स यांनी गुलामगिरीची खूण म्हणून लिटल हे आडनाव टाकले, पण माल्कम हे नाव लोकांच्या तोंडी कायम राहिले आणि त्यांच्या हत्येनंतर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी ते अभिमानाने मुलांना ठेवले. ऑस्ट्रेलियाला तर माल्कम फ्रेझर आणि माल्कम टर्नबुल असे दोन पंतप्रधान लाभले. भारतात युनेस्कोचे उपमहासंचालक राहिलेले अर्थतज्ज्ञ माल्कम आदिशेषय्या यांचेही नाव घेता येईल.

लोकप्रियतेविषयी बोलायचे, तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माल्कम हे नाव स्कॉटलंडबाहेर इंग्लंडमध्येही चांगलेच चालत होते. आज ते तेथे आजोबांच्या वयाचे नाव समजले जाते. त्याची जागा कॅलमने घेतली, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तर स्कॉटलंडमध्ये मुलांना ठेवल्या गेलेल्या पहिल्या दहा नावांत ते होते. एकेकाळी कारकुनाला लिहिण्याजोगे न वाटलेले घरगुती रूप आता जन्मदाखल्यावर आले आहे. स्पेलिंगमध्ये एक 'एल' असेल तर ते गेलिक वळण आणि दोन असतील तर इंग्रजी, एवढाच फरक.

आता माल्कम पेठ. सर जॉन माल्कम यांचे हे आडनाव होते. त्यांचा जन्म १७६९ साली स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील लँगहमजवळ झाला आणि कोवळ्या वयात ते कंपनीच्या नोकरीत मद्रासला आले. १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध लढणारे आणि १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती स्वीकारून त्याला सालीना आठ लाखांचा तनखा ठरवून देणारे माल्कम ते हेच. १८२७ ते १८३० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वरची जागा मिळवली, तेथे आजारी युरोपियनांसाठी आरोग्यधाम वसवले, आणि त्या वसाहतीच्या बाजाराला माल्कम पेठ हे नाव पडले. क्षेत्र महाबळेश्वर हे जुने देवस्थान असलेले गाव या पेठेपासून काही किलोमीटर दूर आहे, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत 'माल्कम पेठ' दिसल्यास ते आजच्या बाजारपेठेच्या गावाविषयी आहे असे समजावे.