प्राध्यापक नसताना इतिहास परिषदेला जावं का?

प्रश्न असा आहे: "मी शेती करतो, बी.ए. अर्धवट राहिलं. तालुक्याच्या कॉलेजात मध्ययुगीन इतिहासावर दोन दिवसांची विभागीय परिषद आहे. आमच्या शिवारातल्या जुन्या दगडांवर निबंध पाठवावा का, की ते प्राध्यापकांचंच काम असतं?"

जा. निबंध पाठवा. "प्राध्यापकांचंच काम" हे शब्द वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. हेच शब्द मी माझ्या साडभाऊंच्या तोंडून ऐकले आहेत, त्यांच्याच घरी, जेवायला बसलेलो असताना, सगळ्यांसमोर.

मी तलाठी होतो. नोकरीला लागलो तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं, १९९८ मध्ये वेगळं झालं. आमच्या दफ्तरात एक शब्द येतो, बेचिराग. मौजेचं नाव आहे, गाव नकाशा आहे, गट नंबर आहेत, सातबारा निघतो, पण लोकसंख्या शून्य. चिराग म्हणजे दिवा. जिथे रात्री एकही दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. लोक त्याला रिठ म्हणतात, कुठे उजाड म्हणतात. माझ्या मंडळात अशी नऊ होती. वीस वर्षं त्यांचे सातबारे लिहिले, पण इथे कोण राहत होतं हा विचार एकदाही मनात आला नाही.

२०१४ ची गारपीट तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा हरभरा झोपला, गहू झोपला. पंचनामे करत एका बेचिराग मौजेत पोचलो. शेताच्या मधोमध उंचवटा होता आणि चारी बाजूंची माती काळी असताना तेवढीच माती पांढुरकी. मी म्हटलं, ही पांढरी दिसते, म्हणजे जुनी वस्तीची जागा. कास्तकार म्हणाला, "हो साहेब, पन आमची नोहे. मांगच्या लोकायची हाय." धुऱ्यावर एक वीरगळ उभा होता. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा त्या वीराला वर नेताना, सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढे बसलेला. बायकांनी शेंदूर लावून लावून अर्धी नक्षी बुजवली होती. जवळच हेमाडपंती खांबाचा एक तुकडा बैल बांधायला पुरलेला. बारव होती, तिच्यात बाभळी उगवल्या होत्या. तो म्हणाला, पेरणीआधी पहिलं नारळ इथंच फुटते, आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दोन गावांतली काही घरं अजून वर्षातून एकदा इथं नैवेद्य घेऊन येतात, कारण त्यांचे लोक इथून उठले.

पंचनामा झाला तरी मी तिथून हललो नाही. माझा पाय निघेना. (मौजेचं नाव मुद्दाम देत नाही. गुप्तधनाच्या नादाने रात्री खोदणारे आपल्याकडे कमी नाहीत.)

पुढे सुट्टीच्या दिवशी नऊही ठिकाणी फिरलो. कुठे मारुती आहे, कुठे सतीचा दगड आहे, बुजलेली विहीर कोणत्या गटात आहे, सगळं गाव नकाशाच्या प्रतीवर पेन्सिलने मांडलं. निवृत्तीनंतर परिषदेचं पत्रक पाहिलं ते साडभाऊंकडे. ते इतिहासाचे प्राध्यापक. मी म्हटलं, मी बेचिराग गावांवर निबंध पाठवतो. ते म्हणाले, "तलाठ्याने सातबारा सांभाळावा. मध्ययुग म्हणजे फारसी फर्मानं, मोडी दफ्तरं. दगड आणि म्हाताऱ्यांच्या गोष्टी म्हणजे साधनं नव्हेत. हे प्राध्यापकांचं काम आहे." माझी बायको पानावरून उठली. मी जेवण पूर्ण केलं आणि घरी येऊन त्याच रात्री गोषवारा लिहिला.

पहाटेच्या एसटीने गेलो. उद्घाटन दीड तास लांबलं, पाहुणे उशिरा आले, आणि त्याची भरपाई निबंध वाचणाऱ्यांच्या वेळेतून झाली. हे सगळीकडे होतं, तयारीत राहा. सात मिनिटं सांगितली होती, मिळाली चार. सत्र जेवणानंतरचं, दुसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गात. नावनोंदणीच्या अर्जात "महाविद्यालय व पदनाम" असा रकाना होता. तो मी रिकामा सोडला होता, म्हणून संचालन करणाऱ्या मुलीने "आता एक गृहस्थ निबंध वाचतील" असं सांगितलं.

मी मांडलं ते असं. ही नऊ गावं यादवांच्या काळातली, आणि दुर्गादेवीच्या दुष्काळात उठली. हा दुष्काळ परंपरेने १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा सांगतात. सत्राध्यक्षांनी विचारलं, "कशावरून?" मी म्हटलं, तिथले म्हातारे सांगतात. ते म्हणाले, "लोक सांगतात हा पुरावा नाही. आणि तलाठी दफ्तर तर १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं त्याच्या पुढचं. मध्ययुगाशी त्याचा काय संबंध?" वर्गात दोघे-तिघे हसले. मी खाली बसलो. हात थरथरत होते हे मला अजून आठवतं.

त्यांच्या पहिल्या बोलण्यात तथ्य होतं, त्याकडे येतोच. दुसरं बोलणं साफ चूक होतं आणि हे मी कुठेही सांगायला तयार आहे. गाव उठलं तरी जमीन उठत नाही. शेजारचे लोक ती वाहत राहतात आणि सारा त्या जुन्या नावावरच भरत राहतात. म्हणून नाव टिकतं, गावाची शीव म्हणजे हद्द टिकते. इंग्रजांच्या मोजणीने साखळ्या लावल्या त्या बहुतेक आधीच्याच शिवांवरून. बेचिराग हा शब्दच फारसी आहे, तो काही साहेबाने आणलेला नाही. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची सरकारं, म्हणजे जिल्ह्यांसारखे भाग, आणि परगणे आहेत. बाशीम, मेहकर, नरनाळा, गाविल ही नावं तिथे सापडतात. पण माझ्या नऊ मौजांपर्यंत तो ग्रंथ उतरत नाही. तिथवर उतरतो तो गाव नकाशा. ज्याला गाव नकाशा वाचता येतो त्याच्याकडे एक साधन आहे, आणि शेती करणाऱ्या माणसाला तो पुष्कळ प्राध्यापकांपेक्षा चांगला वाचता येतो.

सत्र संपल्यावर मागच्या बाकावरचे एक वयस्क संशोधक माझ्याकडे आले. म्हणाले, "नकाशा आणला आहे का?" मी पिशवीतून काढला. त्यांनी तो दोन बाक जोडून पसरला आणि चहा येऊन गेला तरी मान वर केली नाही. मग मला तीन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगतो. पहिली, हेमाडपंती दिसलं की लगेच हेमाद्रीच्या काळात ढकलू नका. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे १२६० नंतरचा. बार्शीटाकळीच्या देवळातला लेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा. बांधणीची ही पद्धत त्याच्या बरीच आधीची आहे. दुसरी, गाव कधी वसलं, कधी उठलं आणि का उठलं हे तीन वेगळे प्रश्न आहेत. मी तिन्हींना एकच उत्तर दिलं होतं. तिसरी गोष्ट मला आयुष्यभर पुरली: "मूर्ती नंतर बघा, आधी पांढरीवरची खापरं आणि बांगड्यांचे तुकडे बघा."

पावसाळ्यात गेलो. पहिल्या जोरदार पावसानंतर पांढरी धुऊन निघते तेव्हा जावं. दोन ठिकाणी चकाकीचा लेप असलेली खापरं मिळाली, आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे, एकावर एक रंगांच्या रेघा असलेले. उचलले काहीच नाही, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढले आणि त्या संशोधकांना पाठवले. त्यांचं म्हणणं, असा माल दख्खनमध्ये बहमनी थरांत भरपूर सापडतो. म्हणजे या दोन गावांत चुली पेटत होत्या त्या बहमनी अंमलात, कदाचित पुढे वऱ्हाडच्या १४९० ते १५७४ च्या इमादशाहीतही. इमादशाहीपर्यंत पेटत असतील तर दुर्गादेवीच्या दुष्काळात सगळी नऊ गावं उठली हे माझं म्हणणं टिकत नाही. पुढे १६३० चा मोठा दुष्काळही आहे, आणि रोगराई, लुटालूट, पाणी आटणं हीही कारणं असतातच. मी माझा निबंध स्वतःच्या हाताने दुरुस्त केला. छापील पुस्तकात आला तो दुरुस्त केलेला. नोकरीतल्या कोणत्याही कामापेक्षा मला त्या पाच पानांचा अभिमान जास्त आहे.

आता "लोक सांगतात" याबद्दल. आपल्या विदर्भात "हा पुरावा नाही" असं कुणी म्हणू नये. महानुभाव पंथाचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणींचं लीळाचरित्र जमवलं ते माणसांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून. महानुभावांच्या स्थानपोथीत तर कोणतं देऊळ कोणत्या दिशेला, त्याचं दार कुठे, हे चालत जाऊन पाहिल्यासारखं लिहिलं आहे. आज तेराव्या शतकातल्या गावांबद्दल जे काही खात्रीने बोलता येतं त्यातलं पुष्कळ या सांगणाऱ्या माणसांमुळे. हे मी साडभाऊंना पत्रातून लिहिलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्याकडे ढीगभर प्रमाणपत्रं आहेत, कारण पदोन्नतीला ती लागतात, आणि त्या परिषदेत ते स्वतःचा निबंध वाचून, प्रमाणपत्र घेऊन जेवणाआधी निघून गेले होते. माझं सत्र त्यांनी ऐकलंच नाही. जो माणूस दुसऱ्याचा निबंध ऐकायला थांबत नाही, त्याने परिषद कुणाची आहे हे ठरवू नये. माझं हे मत बदललेलं नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. म्हाइंभटांना सांगणारी माणसं स्वतः पाहिलेलं सांगत होती. माझे म्हातारे सहाशे वर्षांपूर्वीचं सांगत होते. हा फरक मोठा आहे, म्हणून म्हाताऱ्यांचं लिहून घ्या पण त्यावर सन टाकू नका. आणि साडभाऊंबद्दल एवढं लिहिलं तर हेही लिहायला हवं, की जुन्या कागदांवरच्या सनांवरून इसवी सन काढायला मला त्यांनीच शिकवलं, फार पूर्वी, या वादाच्याही आधी. शकात ७८ मिळवा, दख्खनी फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९. वर्षाच्या सुरुवातीप्रमाणे एकाचा फरक पडतो. घरात जुना कागद असेल तर हे कामी येईल.

तुमच्या परिषदेचं म्हणाल तर शुल्क किती, निबंध कोण तपासतं, हे फोन करून विचारा. पैसे भरले की काहीही छापणाऱ्याही परिषदा असतात, तिथे जाऊ नका. निबंधाचा विषय एका शिवारापुरता ठेवा. तुमच्या दगडांचे फोटो जागेवरच काढा, दगड हलवून घरी आणू नका. वाचायला चार मिनिटांचा मजकूर वेगळा लिहून न्या आणि नकाशा बरोबर ठेवा. दोन्ही दिवस पूर्ण थांबा, विशेषतः चहाच्या वेळी. आणि अर्जात पदनामाचा रकाना येईल तिथे "शेतकरी" लिहा, गावाच्या नावासकट. रिकामा सोडू नका.