आधी पाणी बघ, रंगाचं मग बोलू

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, वाचला आणि मग झोप काही लागली नाही. तुझ्या पुलाचे ४३ फोटो. सगळे बघितले, झूम करकरून. गर्डरच्या (पुलाचा भार पेलणाऱ्या लोखंडी तुळईच्या) टोकाला गंजाचे पापुद्रे सुटलेत, बेअरिंगभोवती (गर्डर ज्यावर टेकतो त्या आधाराभोवती) मातीचा ढीग, एका गसेट प्लेटच्या (सांधा जोडणाऱ्या पत्र्याच्या) कडेने तांबडा ओघळ खाली आलाय. आणि तुझा प्रश्न काय, तर "सर, पूर्ण पेंटिंगचं प्रपोजल पाठवू की पूलच बदला म्हणून लिहू, साहेब पेंटिंग म्हणतायत, आणि खरं सांगू का, मला हे इन्स्पेक्शन सोडून डिझाइनला जावंसं वाटतंय." एका वाक्यात तीन प्रश्न. उत्तरं नंतर बघू, आधी मीच तुला एक विचारतो. ४३ फोटोंत वरच्या रस्त्याचा एकही फोटो का नाही?

अगं, गंज खाली दिसतो पण येतो वरून. डेकवर, म्हणजे वरच्या रस्त्यावर, पाणी पडतं, ते स्पाउटमधून (पाणी काढून देणाऱ्या नळीतून) पुलाच्या बाहेर पडायला हवं, स्पाउट मातीने चोंदलेला असला की ते उतार शोधत जॉइंटपाशी (डेकच्या दोन तुकड्यांमधल्या फटीपाशी) जातं, जॉइंटचं रबर फाटलेलं असतंच, तिथून थेट गर्डरच्या टोकावर आणि बेअरिंगवर. तिथे माती साचलेली, तिच्यात ओल धरून राहते, पाऊस थांबून आठवडा झाला तरी. म्हणून मधल्या भागात गर्डर नवा वाटतो आणि टोकं खलास. तुझ्या फोटोंतही तसंच आहे, नीट बघ. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण सहज म्हणतो ना, आमच्या धंद्यात ते शब्दशः घ्यायचं. आधी पाणी बघ.

हे मी शहाणा म्हणून सांगत नाहीये. नोकरीचं माझं तिसरं की चौथं वर्ष असेल. जुना रिव्हेटेड पूल, गर्डरच्या टोकाला वेबची, म्हणजे त्याच्या उभ्या पत्र्याची, जाडी मोजायची होती. ड्रॉइंगवर १० मिमी. कॅलिपर लावला तर आले ११. प्लेट म्हणे मूळपेक्षा जाड! आणि मी गाढवाने 'झीज नाही' असं लिहून मोकळा झालो. गंज फुगतो, ज्या लोखंडातून तो झाला त्याच्या कित्येक पट जागा खातो, दोन प्लेटांच्या मधे शिरला तर त्यांना वाकवतो, रिव्हेटची डोकी उडवतो, हे सगळं मी परीक्षेत लिहून पास झालेलो. पुढच्या इन्स्पेक्शनला आमच्या म्हाताऱ्या फिटरने त्याच जागी चिपिंग हॅमर घातला, थर पडत गेले, पडत गेले, ढलपे हातभर. लखलखीत लोखंड उघडं झाल्यावर मोजलं, ५ मिमी. त्याने हातोडी माझ्या हातात दिली आणि बिडी ओढायला गेला. एक शब्द बोलला नाही. अजून टोचतं ते.

मग मी काय केलं? तुझ्या साहेबांसारखंच, पेंटिंग. वेबला जोडप्लेट लावली, ब्लास्टिंग, झिंक प्रायमर, त्यावर एपॉक्सी, वरून पॉलियुरेथेन, कडांना आणि रिव्हेटच्या डोक्यांना ब्रशने वेगळा हात, कारण स्प्रेचा रंग कडांवर पातळ बसतो. काम एक नंबर झालं, फोटो काढून घेतले लोकांनी. फक्त त्या टोकाच्या बरोबर डोक्यावर जॉइंट फाटलेला होता आणि ते मला माहीत होतं. त्याचं टेंडर वेगळं, माणसं वेगळी, आणि पेंटिंगचा निधी त्याच वर्षात संपवायचा. सही केली. तिसऱ्या वर्षी रंगाला फोड आले, फोडाखाली तोच तांबडा चिखल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तू म्हणशील मग अडून का नाही बसलात. अडून बसलो असतो तर पेंटिंगही झालं नसतं आणि तो पूल तेवढाही टिकला नसता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण तुला म्हणून सांगतो, खरं कारण ते नव्हतं. मला भांडायचा कंटाळा आलेला.

त्यानंतर मात्र मी हट्टी झालो. पाऊस लागला की टॉर्च घेऊन पुलाखाली. ऑफिसात हसायचे, नावं ठेवायचे. ठेवू देत. कोरड्या दिवशी तुला डाग दिसतात, पावसात पाणी चालताना दिसतं, आणि यातला फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये मायॅनस नदीवरच्या हायवे पुलाचा जवळपास १०० फुटांचा एक अख्खा तुकडा २८ जून १९८३ ला मध्यरात्रीनंतर खाली गेला, तीन माणसं गेली. तो तुकडा पिन (जाड खीळ) आणि हँगरवर (टांगणाऱ्या पट्टीवर) टांगलेला होता. कोसळायच्या साधारण दहा वर्षं आधी रस्त्याचं काम करताना पाण्याची गटारं बुजवून वरून डांबर फिरवलेलं. पाणी जॉइंटमधून थेट पिनवर जायला लागलं, गंज साचत गेला आणि त्याने हँगरला ढकलत ढकलत पिनवरून बाहेर काढलं. कुणी पूल पाडायचा म्हणून हे केलं नव्हतं गं, रस्ता गुळगुळीत करायचा म्हणून केलं. तुझ्या पुलावर डांबराचे किती थर चढलेत ते विचार. ५० मिमीचा एक थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११५ किलो, ते ओझं आणि वर स्पाउटची तोंडं बंद. दोन्ही फुकटात.

आणि ते जे तू लिहिलंयस, "लिहून तरी काय होतं सर, मागच्या तीन रिपोर्टांत हेच आहे", त्यावर मला थोडा राग आला आणि थोडी कीवही. बरोबर आहे तुझं. अमेरिकेतल्याच पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल २८ जानेवारी २०२२ ला सकाळी बससकट कोसळला, नशीब की कुणी मेलं नाही. तिथे तर वेदरिंग स्टील होतं, ज्याला रंग द्यावा लागत नाही म्हणतात. पण त्याच्यावर संरक्षक थर धरायला ते ओलं होऊन पुन्हा वाळायला लागतं, सतत भिजत ठेवलं तर तेही साध्या लोखंडासारखं सडतं. चोंदलेल्या ड्रेनमुळे पुलाच्या पायांशी पाणी आणि कचरा साचत राहिला. आणि रिपोर्टांत ते सगळं होतं! वर्षानुवर्षं. म्हणून सांगतो, 'स्थिती खराब, योग्य ती कार्यवाही व्हावी' असलं लिहू नकोस, त्यावर कोणी हलत नाही. 'स्पाउट क्रमांक ३, ४, ७ पूर्ण बंद, दोन माणसं आणि एक पहार, एका दिवसाचं काम' असं लिही. मोठ्या मागणीवर मिटिंग होते, छोट्या कामाला नाही म्हणायला साहेबाला लाज वाटते. हा डाव मला फार उशिरा सुचला.

क्रॅकचं विचारलंयस. गसेटजवळ जी केसासारखी रेघ दिसतेय तिथला रंग खरवड, डाय टेस्ट (रंगीत द्रव लावून तडा शोधायची चाचणी) करून घे, क्रॅक निघाला तर थांबू नकोस, त्याच दिवशी फोन कर, ट्रॅफिक कमी करायला सांग. १९६७ ला अमेरिकेत सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ लोक गेले ते एका आयबारमधल्या (टोकाला भोक असलेल्या, पूल टांगून धरणाऱ्या पट्टीतल्या) अडीच मिलिमीटरच्या क्रॅकने, आणि तो अशा जागी की बाहेरून दिसायची सोयच नव्हती. इथे पाण्याचा संबंध नाही म्हणशील, तर त्या क्रॅकच्या कारणांतही गंजाचा हात निघाला होताच. असो, मी प्रत्येक गोष्ट पाण्याशीच नेऊन जोडतो असं घरचेही म्हणतात.

आता पेंटिंग की पूलच बदलायचा. दोन्ही आत्ता लिहू नकोस. टोकाचे थर पाडून खऱ्या लोखंडाची जाडी घे, त्यावर लोड रेटिंग कर, म्हणजे पूल किती भार झेलेल ते काढ, मग कळेल. पेंटिंग करायचंच असेल तर जॉइंट आणि स्पाउट आधी, त्याच प्रपोजलमध्ये, पहिल्या पानावर. साहेब म्हणतील ते वेगळं टेंडर. मला म्हणाले होते तसंच. तेव्हा तू सही करू नकोस, एवढंच मागतो तुझ्याकडे.

बेअरिंगचंही बघ जमलं तर. १०० मीटरचा गर्डर तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने जवळपास ४८ मिमी लांबतो, रोलर गंजून जाम झाला तर तो ढकलणार कुणाला? पिअरलाच, म्हणजे पुलाच्या खांबाला. तुझ्या २७ नंबरच्या फोटोत पिअर कॅपला तडा आहे, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

डिझाइनला जायचं तर जा, मी अडवणारा कोण. पण तिथे बसून ड्रॉइंगवर जॉइंट काढशील तेव्हा त्याच्या खाली काय येतंय ते बघितलेली माणसं फार थोडी असतात, आणि तू अजून बघितलेलं नाहीयेस. एक पाऊस तरी खाली उभी राहा.

पावसाची पुढची सर आली की जा. एकटी नको, कुणाला तरी सोबत घे, हार्नेस घाल, दगड शेवाळलेले असतात. आधी वर जा, डेकवर पाणी कुठे तुंबतंय ते खडूने नाही, ऑइल पेंटने मार्क कर. मग खाली ये आणि दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवून नुसती वर बघत राहा. आणि तिसऱ्या पिअरजवळच्या स्पाउटमध्ये सळई घालून बघ, किती आत जाते ते मला रात्रीच कळव, पावणेबारा वाजले तरी चालेल.